मोजलेली लेन्स म्हणजे खरी लेन्स नव्हे

प्रकाशयंत्रं बनवणाऱ्यांच्या वर्तुळात एक मत फार झपाट्याने रुजलं आहे. लेन्सचा पृष्ठभाग आता नॅनोमीटरच्या बारकाईने मोजता येतो. मोजलेले हजारो, लाखो बिंदू झीमॅक्स किंवा कोड व्ही यांसारख्या सॉफ्टवेअरमध्ये जसेच्या तसे भरता येतात. मग वक्रतेची त्रिज्या, कॉनिक कॉन्स्टंट, ॲस्फेरिक गुणांक ही कागदावरची सूत्रं हवीत कशाला? सूत्र सांगतं ती लेन्स कशी व्हायला हवी होती. डेटा सांगतो ती कशी झाली आहे. तेव्हा डेटा भरा, किरण सोडा आणि पडद्यावर जे उमटेल ते त्या लेन्सचं खरं रूप समजा. तरुण इंजिनिअर हे आत्मविश्वासाने बोलतात, आणि त्यांचे वरिष्ठ अहवालावर ‘ॲज-बिल्ट मॉडेल’ असं लिहून खाली सही करतात.

माझा या मताला ठाम विरोध आहे. मोजमापाला माझा विरोध असण्याचं कारण नाही. न मोजता लेन्स विकणाऱ्याने हा धंदा करूच नये असं मी मानतो. आक्षेप आहे तो मोजमापाचा आकडा आणि काचेचा पृष्ठभाग या दोन गोष्टी एकच धरण्याला. यंत्रातून बाहेर येते ती काच नसते. कुठल्या तरी संदर्भाशी तुलना करून, काही गोष्टी गृहीत धरून, काही वजा करून जो फरक उरतो, तो फाइलीत येतो. संदर्भच चुकला असेल तर लाखही बिंदू एकाच दिशेने चुकतात, आणि त्यांचं आपसात इतकं सुरेख जुळतं की शंका घ्यायला जागाच उरत नाही.

हबल दुर्बिणीच्या मुख्य आरशाचं नेमकं हेच झालं. ही कथा अनेकांना ‘नासाची फजिती’ म्हणून ठाऊक असते, पण आपल्या वादात तिचा जो भाग लागतो तो क्वचितच सांगितला जातो. २.४ मीटर व्यासाच्या त्या आरशाचं पॉलिशिंग अमेरिकेत कनेक्टिकट राज्यातल्या डॅनबरी इथे पर्किन-एल्मर कंपनीने १९८१ मध्ये पूर्ण केलं. आरसा हायपरबोलॉइड आकाराचा. त्याचा कॉनिक कॉन्स्टंट उणे १.००२३ यायला हवा होता. असा आरसा इंटरफेरोमीटरने सरळ मोजता येत नाही, कारण इंटरफेरोमीटरमधून निघणारी तरंगआघाडी गोलाच्या आकाराची असते. मध्ये नल करेक्टर नावाची जोडणी बसवावी लागते. ती प्रकाशाला असं वळण देते, की आरसा हवा तसाच असेल तर परत आलेल्या प्रकाशाचे पट्टे सरळ दिसावेत. हबलसाठी दोन आरसे आणि एक छोटी फील्ड लेन्स घेऊन असा नल करेक्टर खास बनवला गेला.

त्या फील्ड लेन्सचं अंतर ठरवायला इन्व्हार या मिश्रधातूची सळई वापरली होती. सळईच्या टोकावर टोपी, टोपीला बारीक भोक, आणि त्या भोकातून सळईच्या टोकावर प्रकाश पाडून अंतर घ्यायचं, अशी योजना. टोपीवरचा प्रकाश न परतवणारा थर एका जागी उडालेला होता. प्रकाश सळईच्या टोकावरून परतण्याऐवजी टोपीवरूनच परतला. फील्ड लेन्स १.३ मिलिमीटरने चुकीच्या जागी बसली.

यापुढे सारं पद्धतशीर पार पडलं. पट्टे पाहायचे, आरसा घासायचा, पुन्हा पट्टे पाहायचे. नल करेक्टरने जो आकार मागितला तो आरशाने तंतोतंत दिला. आता समजा, आजचं सॉफ्टवेअर त्या वेळी डॅनबरीत असतं आणि शेवटच्या इंटरफेरोग्रामचा नकाशा कुणी ‘ग्रिड सॅग’ पृष्ठभाग म्हणून त्यात भरला असता. मूळ आकार म्हणून रचनेतला कॉनिक आणि त्यावर मोजलेला, जवळपास शून्य असलेला फरक. पडद्यावर काय आलं असतं? निर्दोष म्हणावा असा तारा. अहवालावर ‘ॲज-बिल्ट’ लिहिलं गेलं असतं आणि त्या शब्दाला कुणी हरकतही घेतली नसती. २४ एप्रिल १९९० रोजी दुर्बीण अवकाशात गेली. ताऱ्याचा सुमारे ७० टक्के प्रकाश ०.१ आर्कसेकंद त्रिज्येच्या वर्तुळात एकवटायला हवा होता. एकवटला तो १० ते १५ टक्के. बाकीचा भोवताली पसरला.

चूक किती मोठी होती, हे कुणालाही कागदावर काढता येईल. वक्रतेची त्रिज्या ११.०४ मीटर, आरशाची मध्यापासून कडेपर्यंतची रुंदी १.२ मीटर. प्रत्यक्षातला कॉनिक कॉन्स्टंट निघाला उणे १.०१३९, म्हणजे फरक ०.०११६. रुंदीच्या चौथ्या घाताला या फरकाने गुणा आणि त्रिज्येच्या घनाच्या आठपटीने भागा. कड २.२ मायक्रॉनने चुकलेली मिळते, आणि जगभर सांगितला गेलेला आकडाही तोच आहे. दृश्य प्रकाशाच्या तरंगलांबीच्या चौपट झाली ही, आणि आरसा ज्या यंत्राने मोजला ते यंत्र तरंगलांबीच्या लहानशा अंशाबद्दल बोलत होतं.

मला सर्वांत जास्त खुपते ती पुढची बाब. चूक दाखवणारा डेटा डॅनबरीत हजर होता. नल करेक्टर तपासण्यासाठी केलेली एक जोडणी आणि आरशाच्या मध्याची त्रिज्या मोजण्यासाठी वापरलेला, निव्वळ लेन्सचा दुसरा नल करेक्टर, या दोघांनीही गोलीय दोष असल्याचं दाखवलं. त्यांचं ऐकलं गेलं नाही, कारण ती साधनं कमी अचूक आहेत असं ठरलेलं होतं. लू ॲलन यांच्या अध्यक्षतेखालच्या चौकशी समितीने १९९० च्या नोव्हेंबरमध्ये दिलेल्या अहवालात हे सगळं नोंदलेलं आहे. ज्यांना वाटतं की अधिक बारकाईचं यंत्र म्हणजे अधिक खरं यंत्र, त्यांनी तो अहवाल मुळातून वाचावा. बारकाई म्हणजे यंत्र पुन:पुन्हा तेच उत्तर किती घट्ट देतं ते. उत्तर बरोबर आहे का, हा प्रश्न त्या यंत्राला विचारून सुटत नाही. तो वेगळ्या वाटेने जाणाऱ्या दुसऱ्या यंत्रालाच विचारावा लागतो. चिलीतल्या ला सिया इथल्या युरोपीय एनटीटी दुर्बिणीच्या आरशातही नल करेक्टरमधल्या अंतराचीच चूक शिरली होती. तिथे आरशाला मागून रेटून आकार बदलण्याची सोय होती म्हणून ती निस्तरता आली.

यावर मला सांगितलं जातं की हबल हे टोकाचं उदाहरण आहे, रोजच्या कामात नल करेक्टर कुठे असतो? ठीक आहे, रोजचं काम पाहू. साधी गोल पृष्ठभागांची लेन्स घ्या आणि फिझो इंटरफेरोमीटरवर तिची एक बाजू मोजा. नकाशा हातात येईपर्यंत यंत्राने त्यातून सरासरी उंची, तिरपेपणा आणि बहुतेक वेळा वक्रतेतला फरकही वजा केलेला असतो. हे करावंच लागतं, कारण लेन्स धरणीवर जरा तिरपी बसली वा जरा पुढेमागे झाली तर तो दोष तिचा नसतो. पण वजा केलं ते वजा झालं. त्या नकाशात आता लेन्सची त्रिज्या उरलेली नाही. ती वेगळी मोजायची असते: किरण पृष्ठभागावर एका बिंदूत मिळतात ती जागा आणि त्याच्या वक्रतामध्यावर मिळतात ती जागा, या दोन जागांमधलं अंतर. नकाशा कितीही बारीक असो, हे अंतर ढोबळ घेतलं असेल तर मॉडेलमधल्या लेन्सची शक्तीच ढोबळ.

तिरपेपणाचं तर याहून वाईट. लेन्सच्या दोन्ही बाजू वेगवेगळ्या वेळी, वेगवेगळ्या बैठकीवर मोजल्या जातात, आणि दोन्ही नकाशांतून तिरपेपणा वजा होतो. पण दोन बाजूंचा एकमेकींशी असलेला तिरपेपणा हाच लेन्सचा सर्वांत सामान्य आणि सर्वांत त्रासदायक दोष आहे. लेन्स एका कडेला जाड, दुसऱ्या कडेला पातळ. तिचा अक्षच सरकलेला. अशा लेन्सच्या दोन्ही पृष्ठभागांचे नकाशे अगदी स्वच्छ येऊ शकतात. ते सॉफ्टवेअरमध्ये समोरासमोर ठेवले की ती लेन्स पडद्यावर आपोआप समकेंद्री होते. जो दोष प्रतिमेत कोमा निर्माण करतो तो मॉडेलमध्ये शिरतच नाही, आणि आपण मात्र प्रत्यक्ष लेन्सचं मॉडेल केल्याच्या समाधानात राहतो.

मग एककांचा आणि चिन्हांचा घोळ. इंटरफेरोमीटरमध्ये प्रकाश पृष्ठभागावर आपटून परत येतो, म्हणून तरंगआघाडीतला फरक पृष्ठभागाच्या फरकाच्या दुप्पट असतो. फाइलीत नेमकं काय आहे, पृष्ठभाग की तरंगआघाडी? लांबी मिलिमीटरमध्ये आहे की ६३२.८ नॅनोमीटरच्या तरंगलांबीत? उंचवटा अधिक आहे की उणे? लेन्सच्या मागच्या बाजूचा नकाशा पुढून पाहिल्यासारखा ठेवला आहे की मागून? यांपैकी एकही चूक सॉफ्टवेअर पकडत नाही, कारण त्याच्या लेखी सगळे आकडे कायदेशीर असतात. परिणामही लहान नसतो. पृष्ठभागात १ मायक्रॉनची चूक असेल तर आरशावर तरंगआघाडी २ मायक्रॉनने बिघडते. एन-बीके७ काचेच्या लेन्सवर, जिचा अपवर्तनांक १.५१६८ आहे, ती जेमतेम ०.५२ मायक्रॉनने बिघडते. एकच फाइल, आणि परिणामात जवळजवळ चौपट तफावत. चिन्ह उलटं पडलं तर सुधारणा करायला बसलेला माणूस दोष दुप्पट करून उठतो.

‘अधिक बिंदू, अधिक सत्य’ या दाव्याकडे मी मुद्दाम सविस्तर वळतो, कारण तो वरकरणी निर्विवाद वाटतो. किरण कुठे वळणार हे पृष्ठभागाच्या उंचीवर ठरत नाही, उतारावर ठरतं. यंत्र मोजतं उंची. बिंदूंच्या मधला उतार सॉफ्टवेअर स्वतः काढतं, शेजारच्या बिंदूंमधून वक्र ओढून. मोजमापात थोडा गोंगाट असतोच. समजा त्याने नकाशावर १० नॅनोमीटर उंचीची आणि ०.१ मिलिमीटर अंतराने परतणारी लहर उमटवली. १० नॅनोमीटर म्हणजे काहीच नाही, असं कुणीही म्हणेल. पण तिचा सर्वाधिक उतार ०.६३ मिलिरेडियन भरतो. एन-बीके७ च्या पृष्ठभागावर त्याने किरण ०.३२ मिलिरेडियनने भरकटतो, आणि १०० मिलिमीटर नाभीय अंतरावर तो ३२ मायक्रॉन बाजूला पडतो. स्पॉट डायग्रॅम पाहणाऱ्याला लेन्स टाकाऊ वाटेल.

आता हाच पृष्ठभाग तरंगाच्या हिशोबाने तपासा. तरंगआघाडीतली लहर जेमतेम ५ नॅनोमीटर उंचीची. ५५० नॅनोमीटरच्या हिरव्या प्रकाशात मधल्या शिखराची उंची घटते सुमारे ०.२ टक्क्याने. तेवढा प्रकाश विवर्तनाने अर्ध्या मिलिमीटरहून थोडा दूर, दोन फिकट ठिपक्यांत जाऊन पडतो. प्रतिमा शाबूत राहते. एकाच डेटावर आधारलेले हे दोन निकाल, एक लेन्स फेकून द्यायला सांगणारा आणि दुसरा ती उत्तम म्हणणारा. बिंदू दुप्पट केले तर ही विसंगती मिटत नाही, वाढते. कारण बिंदू जवळ आले की त्याच गोंगाटाचा उतार आणखी तीव्र होतो. शिवाय ही लहर काचेत होती की यंत्राच्या कॅमेऱ्यात, हे या दोन्ही निकालांतून कळलेलंच नाही.

मग म्हणतात, नकाशा गुळगुळीत करून घ्या, झर्निके बहुपदी बसवा. बसवा जरूर, पण त्याची किंमत ओळखून. फ्रिंज पद्धतीची ३७ पदं सर्रास वापरली जातात, आणि त्यांतलं सर्वांत वरचं पद त्रिज्येच्या १२ व्या घातापर्यंत जातं. हिऱ्याच्या हत्याराने कातलेल्या किंवा छोट्या पॉलिशिंग चाकाने पट्ट्यापट्ट्याने घासलेल्या पृष्ठभागावर जी अनेक समकेंद्री वलयं राहतात, ती या पदांत मावत नाहीत. ती दोष नसल्यामुळे नाहीशी झालेली नसतात; आपण निवडलेल्या गणिताला ती दिसत नाहीत एवढंच. प्रतिमेचा काँट्रास्ट खाणारा आणि तेजस्वी दिव्याभोवती धूसर कडी उमटवणारा दोष बहुधा हाच असतो. म्हणजे कच्चा नकाशा भरला तर यंत्राचा गोंगाट लेन्सच्या माथी, आणि गुळगुळीत केला तर लेन्सचा दोष गायब. या दोहोंमध्ये रेघ कुठे ओढायची हे फाइल सांगू शकत नाही. ते ठरवायला ती काच कोणत्या यंत्रावर, कोणत्या हत्याराने, किती मोठ्या पॅडने घासली हे ठाऊक असावं लागतं. कारखान्यात पाऊल न टाकता, आलेल्या फाइलीवरून निकाल देणाऱ्यांना मी हेच विचारतो: ही रेघ तुम्ही कशाच्या आधारावर ओढलीत?

जुनी लेन्स थ्रीडी स्कॅन करून तिचं एसटीएल मॉडेल किरणांसाठी वापरणाऱ्यांबद्दल फार लिहीत नाही. एसटीएलमध्ये पृष्ठभाग सपाट त्रिकोणांचा असतो, आणि सपाट त्रिकोण किरणांना एकत्र आणत नाही. बाहेरच्या आकाराची जागा तपासायला ते ठीक आहे, प्रतिमेसाठी नाही.

हा वाद फक्त दुर्बिणी आणि कॅमेऱ्यांपुरता राहिला असता तर मी इतक्या पोटतिडकीने लिहिलं नसतं. पण याच विचारसरणीची एक चूक माणसाच्या डोळ्यापर्यंत पोचलेली आहे. मोतीबिंदू काढल्यावर आत कोणत्या शक्तीची लेन्स बसवायची हे ठरवण्यासाठी बुबुळासमोरच्या पारदर्शक पडद्याची, कॉर्नियाची, वक्रता मोजतात. केराटोमीटर मोजतो कॉर्नियाची फक्त पुढची बाजू, तीही साधारण ३ मिलिमीटर व्यासाच्या कड्यावर. शक्ती काढताना बहुतेक यंत्रं अपवर्तनांक धरतात १.३३७५. कॉर्नियाचा खरा अपवर्तनांक १.३७६ च्या आसपास आहे. मग हा १.३३७५ आला कुठून? कॉर्नियाची मागची बाजू सुमारे ६ डायॉप्टर शक्ती कमी करते. ती मोजली जात नाही, म्हणून तिचा परिणाम या एका आकड्यात आधीच मुरवून टाकलेला आहे. पुढची आणि मागची वक्रता यांचं प्रमाण सगळ्या डोळ्यांत साधारण सारखं असतं, हे त्यामागचं गृहीत.

बहुसंख्य डोळ्यांना ते चालतं. पण लघुदृष्टीसाठी लेसिक झालेल्या डोळ्यात पुढची बाजू लेसरने सपाट केलेली असते आणि मागची तशीच राहते. प्रमाण मोडतं. मधली सपाटी ३ मिलिमीटरच्या कड्यावरून पाहिल्याने पुरती दिसतही नाही. केराटोमीटर कॉर्नियाची शक्ती खऱ्याहून जास्त सांगतो. वर, नवी लेन्स डोळ्यात किती खोल बसेल याचा अंदाज अनेक सूत्रं याच वक्रतेवरून बांधतात, तोही बिघडतो. या सगळ्याचा निकाल असा की हवी त्यापेक्षा कमी शक्तीची लेन्स निवडली जाते आणि चश्म्यातून सुटण्यासाठी आयुष्यात एकदा लेसिक करून घेतलेल्या माणसाला मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर अधिक (प्लस) नंबरचा चश्मा लागतो. मोजमाप चुकलेलं नसतं. यंत्र बारीक असतं, आकडा पुन:पुन्हा तोच येतो. मॉडेलमध्ये लपलेलं गृहीत त्या डोळ्याला लागू नसतं, आणि त्या गृहीतावर ‘मोजलेलं’ असं लेबल असतं. नेत्रतज्ज्ञांनी हे ओळखलं, लेसिक झालेल्यांसाठी वेगळी सूत्रं बनवली, कॉर्नियाची मागची बाजू मोजणारी यंत्रं आणली. आपल्या क्षेत्राने त्यांच्याकडून हा प्रामाणिकपणा घ्यायला हवा.

विरोधकांच्या बाजूने एक मुद्दा खरोखर भक्कम आहे आणि त्याला उत्तर देणं मला भाग आहे. ते म्हणतात, सर्वांत कठीण लेन्स तर मोजलेल्या डेटावरच बनतात. बरोबर. संगणकाच्या चिप छापणाऱ्या लिथोग्राफी लेन्समध्ये काचेच्या प्रत्येक वितळीचा अपवर्तनांक मोजतात, तयार झालेल्या प्रत्येक पृष्ठभागाची त्रिज्या आणि प्रत्येक लेन्सची जाडी मोजतात, आणि ते आकडे भरून हवेची अंतरं नव्याने ठरवतात. पण तिथे काय भरतात ते नीट पाहा. त्रिज्या, जाडी, अपवर्तनांक; म्हणजे रचनेच्या सूत्रातलीच पदं, प्रत्येक पद स्वतंत्र वाटेने मोजलेलं. नकाशा येतो तो त्यावरचा उरलेला बारीक फरक म्हणून. सूत्राचा सांगाडा कुणी फेकून दिलेला नसतो. आणि हे लोक काचेलाही मोजतात, जी आपल्याकडच्या पृष्ठभागप्रेमींच्या लक्षातही राहत नाही. एन-बीके७ च्या लेन्समध्ये अपवर्तनांक ०.०००५ ने चुकला तर १०० मिलिमीटरचं नाभीय अंतर सुमारे ०.१ मिलिमीटरने हलतं. एफ/४ वर नाभीची खोली दोन्ही बाजूंना १८ मायक्रॉनच्या आतबाहेर आहे. पृष्ठभागाचे नॅनोमीटर मोजत बसलेल्या मॉडेलची प्रतिमा काचेच्या एका न मोजलेल्या आकड्याने पाचपटीहून जास्त बाहेर फेकली जाते.

हबलची दुरुस्तीही याच रीतीने झाली, आणि तीच माझ्या बाजूची सर्वांत मोठी साक्ष आहे. डॅनबरीतला नल करेक्टर सुदैवाने जसाच्या तसा जपलेला होता. तो मोजून फील्ड लेन्सची १.३ मिलिमीटरची चूक सापडली, आणि त्या चुकीवरून आरशाचा आकार गणिताने काढला गेला. दुसरीकडे, अवकाशातून आलेल्या ताऱ्यांच्या बिघडलेल्या प्रतिमांवरून उलटं गणित करून तरंगआघाडी शोधली गेली. एक वाट जमिनीवरची, एक आकाशातली. एकीला दुसरीची काहीही मदत नाही. दोन्ही वाटा एकाच कॉनिक कॉन्स्टंटपाशी येऊन मिळाल्या. त्या एका आकड्यावर विसंबून नव्या डब्ल्यूएफपीसी-२ कॅमेऱ्यातल्या छोट्या आरशांना उलटा दोष दिला गेला, आणि जुन्या उपकरणांसाठी नाण्याएवढ्या आरशांचं कोस्टार बनलं. १९९३ च्या डिसेंबरमध्ये अंतराळवीरांनी दोन्ही बसवली आणि प्रतिमा स्वच्छ झाल्या. लाख बिंदूंचा नकाशा तिथे कामी आला नाही. कामी आला तो दोन स्वतंत्र मार्गांनी पटलेला, सूत्रातला एक आकडा.

शेवटचा आक्षेप खर्चाचा असतो, आणि तो बहुतेकदा बैठक संपता संपता येतो: दुसरी पद्धत, दुसरं यंत्र, दुसरा माणूस, हे परवडत नाही. पहिल्या यंत्राइतकंच महाग दुसरं यंत्र लागतं, ही समजूतच मुळात चुकीची आहे. पडताळणीच्या साधनाने बारीक असण्याची गरज नसते. त्याची वाट वेगळी असली आणि मोठी चूक त्याला दिसली की पुरे. त्रिज्येसाठी स्फेरोमीटर, जाडीसाठी मायक्रोमीटर, समकेंद्रीपणासाठी लेन्स फिरवून परावर्तित ठिपका डोलतो का ते पाहणं, नाभीय अंतरासाठी ऑप्टिकल बेंच. यांतलं काहीही नवं नाही, आणि बहुतेक प्रयोगशाळांच्या कपाटात हे पडून असतं. अहवालात मॉडेलच्या आकड्याशेजारी या साधनाचा आकडा आणि दोघांतला फरक छापायला एक ओळ लागते.

हबलच्या आरशापुरतंही हे करून पाहता येतं. वक्रतामध्यावर सुरीची धार धरून सावली पाहायची फूको चाचणी एकोणिसाव्या शतकातली आहे. पुण्यात आयुकाच्या दुर्बीण बनवण्याच्या कार्यशाळांसारख्या ठिकाणी हाताने आरसा घासणारे हौशी लोक तीच वापरत आले आहेत. प्रकाशाचा स्रोत स्थिर ठेवून हबलच्या आरशाचा मध्य आणि कड या दोन पट्ट्यांसाठी धार कुठे धरावी लागेल, याचा हिशोब सोपा आहे: रुंदीचा वर्ग भागिले त्रिज्या, गुणिले कॉनिक कॉन्स्टंट. उत्तर सुमारे १३० मिलिमीटर. आरसा जसा प्रत्यक्षात घासला गेला, त्यात हे अंतर दीड मिलिमीटरने जास्त भरलं असतं. डॅनबरीच्या इंटरफेरोमीटरला न दिसलेली ती चूक, धारेची जागा वाचणाऱ्या कुठल्याही साध्या मायक्रोमीटर स्क्रूच्या पट्टीवर दीड मिलिमीटर म्हणून वाचता आली असती.